शेजाऱ्यांचा कायदा : नाशिक, १९३०

आजचा विषय ऐकायला सोपा आहे. माणसं रूढी का पाळतात? जी रूढी जाचक आहे, जी मनातून पटत नाही, तीसुद्धा आपण का पाळतो? मोडणारे चार आणि पाळणारे चारशे, असं का होतं?

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा वर्गात हा प्रश्न टाकला की तीन उत्तरं हमखास यायची. पहिलं, लोक घाबरतात. दुसरं, लोक अडाणी असतात. तिसरं, लोकांची शास्त्रावर श्रद्धा असते. तिन्हींत तथ्य आहे, नाही असं नाही. पण आपल्याच नाशिकचा इतिहास उघडून बसलं की ही तिन्ही उत्तरं तोकडी पडतात. म्हणून आज आपण पुस्तकी सिद्धांतापासून सुरुवात करायची नाही. आपण १९३० सालच्या वसंत ऋतूत, पंचवटीत जायचं.

२ मार्च १९३० या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाड यांनी उभी केली होती. गावोगावहून हजारो माणसं आली होती. मिरवणूक मैलभर लांब होती, आणि ती शिस्तीत मंदिरापर्यंत गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली. तिच्यात सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. मागणी काय, तर रामाचं दर्शन. ते रामाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नगरीत मागावं लागत होतं.

आता कॅलेंडरचं पुढचं पान बघा. १२ मार्चला, म्हणजे दहाच दिवसांनी, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. ६ एप्रिलला त्यांनी मिठाचा कायदा मोडला आणि देशभर माणसं तुरुंगात जायला पुढे सरसावली. आणि ९ एप्रिलला आपल्याकडे रामाचा रथ निघाला. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा अशी तडजोड ठरली होती. ती मोडली, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. तीन दिवसांचं अंतर! एकीकडे साम्राज्याचा कायदा मोडण्याची हिंमत, आणि दुसरीकडे देवळाच्या उंबरठ्याशी आलेल्या माणसाला आत येऊ देण्याची हिंमत नाही.

नाशिक काही भित्र्यांचं गाव नव्हतं. याच गावात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तीन तरुण पुढच्या एप्रिलमध्ये फासावर गेले. त्या रात्री रंगमंचावर नाटक कुठलं होतं? देवलांचं ‘संगीत शारदा’. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या चालीवरचं नाटक. प्रेक्षक ते बघून हळहळायचे, पदांना टाळ्या द्यायचे, आणि घरी जाऊन मुलींची लग्नं जुन्याच वयात लावायचे. म्हणजे रूढी वाईट आहे हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, डोळ्यांत पाणी येण्याइतकं कळत होतं.

तेव्हा भीती म्हणाल, तर फासाला न भिणारी माणसं याच समाजात होती. अडाणीपणा म्हणाल, तर नाशिक वकिलांचं, शिक्षकांचं, शास्त्र्यांचं शहर होतं. मग खरं कारण कुठे शोधायचं?

त्यासाठी चाळीस वर्षं मागे, पुण्याला जाऊ. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती, यांनी ते जुळवून आणलं होतं. शहरातली नामांकित मंडळी जमली होती, न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. सर्वांपुढे चहा आणि बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही. पुढे हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली. याला तेव्हाचा शब्द आहे ‘ग्रामण्य’. छान शब्द आहे. ग्रामाचं, गावाचं न्यायासन. त्याला शिपाई नाही, तुरुंग नाही, तरी त्याचा हुकूम चालतो.

तो कसा चालतो बघा. ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याच्या घरी भटजी येत नाही. श्राद्ध कोणी करीत नाही. मुंज अडते. मुलगी उपवर असेल तर स्थळं परततात. सासरी दिलेल्या मुलीला माहेरी पाठवत नाहीत. आणि घरात कोणी गेलं, तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. रानडे हे उच्च न्यायालयात बसण्याच्या योग्यतेचे गृहस्थ, सुधारकांचे अग्रणी. त्यांना स्वतःला चहाच्या पेल्यात पाप दिसत होतं असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. तरी त्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. बरोबरच्या मित्रांची घरं अडली होती, त्यांचा आग्रह होता. सुधारकांनी रानड्यांना त्यावरून फार बोल लावले. रमाबाईंनाही ते रुचलं नव्हतं, आणि आपल्या आठवणींत त्यांनी ते नमूद करून ठेवलं आहे.

आम्हाला इथे रानड्यांचा कैवार घ्यायचा नाही आणि त्यांना पिंजऱ्यातही उभं करायचं नाही. फक्त यंत्रणा समजून घ्यायची आहे. शिक्षा चहा पिणाऱ्याला होतच नव्हती. ती त्याच्या बहिणीला, मुलीला, म्हाताऱ्या आईला होत होती. रूढीचं सगळं बळ इथे आहे. सरकारचा कायदा माणसाला एकट्याला पकडतो. शेजाऱ्यांचा कायदा अख्ख्या घराला पकडतो. सत्याग्रही तुरुंगात गेला तर त्याच्या घरी शेजारी डाळतांदूळ आणून देतील, त्याच्या आईला ‘वीरमाता’ म्हणतील. पण तोच माणूस रूढी मोडून घरी आला, तर डाळतांदूळ आणून देणारे ते हातच आखडतात. सरकारशी भांडताना शेजारी पाठीशी असतात. शेजाऱ्यांशी भांडताना पाठीशी कोण असणार?

महर्षी कर्वे यांचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला, आणि त्याची रचना पाहा : कर्वे घरी आले तर त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकायचं. म्हणजे मुलाला दारात उभं करायचं की नाही, याचा निवाडा गावानं आईवर सोपवला. कर्वे स्वतः खंबीर होते हो, पण धमकी त्यांना नव्हतीच. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. त्यातला निरोप उघड आहे, की तू आमच्या दृष्टीने मेलास, आता खरा मरशील तेव्हा आमची वाट पाहू नकोस.

आता दुसरी गोष्ट. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आपण जन्मभर ऐकतो. हे लोक कोण? पंचवटीतल्या एका वाड्याची कल्पना करा. तळमजल्यावरचे गृहस्थ मनातून म्हणतात, घेऊ द्या बिचाऱ्यांना दर्शन, पण माडीवरचे काय म्हणतील! माडीवरचे म्हणतात, आमची काही हरकत नाही, पण खालचे ऐकून घेणार नाहीत. दोघेही एकमेकांचे ‘लोक’. दोघेही गप्प. आणि तिसरा, जो खरोखर कडवा आहे, तो या दोघांचं मौन स्वतःच्या बाजूनं मोजतो. रूढी टिकायला सगळ्यांचा विश्वास लागत नाही. सगळ्यांचा विश्वास आहे असा सगळ्यांचा समज लागतो.

१९५१ साली सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतली बाकी सगळी माणसं आधीच शिकवून ठेवलेली, ती एकजात चुकीचं उत्तर देतात. खऱ्या माणसाची पाळी शेवटी. काय झालं? अशा वेळच्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरं जमावाच्या बाजूनं गेली. नंतर विचारलं तर कित्येक जण म्हणाले, दिसत होतं बरोबर, पण वेगळं पडायचं नव्हतं. इथे ना मुलीचं लग्न अडलेलं, ना कोणाचं श्राद्ध. समोर फक्त अनोळखी माणसं होती. मग जिथे ओळखीची माणसं आहेत आणि लग्नकार्यं अडलेली आहेत, तिथे किती होईल?

पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक सोबती ठेवला की जमावापुढे मान तुकवणं एकदम घसरलं. बहुमत लागलं नाही, एक सोबती पुरला. हे ध्यानात ठेवा, आपण शेवटी इथेच येणार आहोत.

त्याआधी एक शंका निकालात काढू. कोणी म्हणेल, सर, मग रूढी म्हणजे सगळी वाईटच का? नाही, तसं नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं नावेचा दृष्टांत दिला. दोन माणसं वल्ही मारतात. एकमेकांना वचन दिलेलं नसतं, तरी ताल जुळतो, कारण तो दोघांच्याही सोयीचा असतो. रस्त्याच्या डाव्या बाजूनं जाणं, रांगेत उभं राहणं, दु:खाच्या घरी स्वयंपाक करून डबा नेणं, या रूढी अशाच आहेत, आणि त्या नसतील तर जगणं अशक्य होईल. तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच, की या नावेत वल्ही कोण मारतंय आणि बसलंय कोण? जिची किंमत एकानं मोजायची आणि सोय दुसऱ्यानं भोगायची, ती रूढी ह्यूमच्या नावेत बसत नाही.

आणि माणूस अशा रूढीशी कशी तडजोड करतो, त्याचाही नाशिकशी एक धागा आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. बाहेर काळारामाचा लढा चालू होता तोच हा काळ. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका दलित म्हातारीला मोळी उचलवत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला हात लाव, मोळी डोक्यावर दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या आंघोळीवर आपण फार विचार करत नाही. आईची करुणा खरी आहे, आणि आंघोळही खरी आहे. मोळी उचलून माणुसकी राखली, आंघोळ करून शेजार राखला. हजारो चांगल्या घरांनी असंच केलं. त्यानं म्हातारीचं ओझं उचललं गेलं, पण रूढीला कुठे ओरखडा आला नाही. याच साने गुरुजींनी पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केलं. घरातल्या करुणेपासून चारचौघांतल्या कृतीपर्यंत जायला चौदा वर्षं लागली, तीही साने गुरुजींसारख्या माणसाला.

मग रूढी मोडते कशी? कायद्यानं? त्याचं उत्तर महाडनं दिलेलं आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. तीन वर्षं तिथे कोणी ओंजळ बुडवली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हा ती बुडली. नंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला. म्हणजे नुसता कागद शेजाऱ्यांच्या कायद्यापुढे टिकत नाही.

काळारामाच्या दारात बसलेली माणसं इथेच वेगळी ठरतात. गमावण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं असं समजू नका. गावगाड्यात त्यांची भाकरी गावाच्या हातात होती. सत्याग्रह सुरू झाल्यावर खेड्यांतून त्यांच्यावर तेच हत्यार उगारलं गेलं : दुकानदार माल देईनात, रस्ते अडवले, मुलांना शाळेतून हाकललं. रानड्यांच्या मित्रांची श्राद्धं अडली होती, यांचं तर मीठमिरची अडलं. तरी ते वर्षानुवर्षं तुकड्या करून येत राहिले, तुरुंगात गेले. हे बळ कुठून आलं?

आमच्या मते त्याची दोन कारणं आहेत. एक, रूढी पाळल्याबद्दल समाज जी परतफेड देतो, पंगतीत पान, सुखदु:खाला माणसं, ती या लोकांना वरच्या समाजाकडून कधी मिळालीच नव्हती. पाळूनही बाहेरच. दुसरं कारण मोठं आहे. त्यांनी स्वतःचे ‘लोक’ तयार केले होते. सभा, परिषदा, पत्रं, जलसे, गावोगावचे कार्यकर्ते. पूर्वी ‘लोक काय म्हणतील’ म्हणजे पाटील काय म्हणेल. आता त्याचा अर्थ झाला, आपली सभा काय म्हणेल, सत्याग्रहाला न गेलेल्याकडे आपली माणसं कशी बघतील. माणूस लोकांना भ्यायचा थांबत नाही, मित्रहो. त्याचे लोक बदलतात.

म्हणून या सत्याग्रहाचा शेवट नीट वाचला पाहिजे. इतकी वर्षं दरवाजा उघडला नाही. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितलं. त्यात त्यांनी स्पष्ट केलं, की मूर्तिपूजेसाठी हा लढा मांडलेलाच नव्हता. आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, ते उठावेत, यासाठी तो होता, आणि ते काम झालं आहे. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. दारावर धडका देणाऱ्यांनी शेवटी दाराकडेच पाठ फिरवली. वाळीत टाकण्याचा धाक त्यालाच वाटतो ज्याला आत राहायचं असतं. ज्यानं दुसरं घर बांधायला घेतलं, त्याच्यापुढे ते हत्यार बोथट होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते घर उभं राहिलं.

१९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, मग संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यताच रद्द केली. काळारामाचे दरवाजे आज सर्वांना उघडे आहेत. इथे कायद्यानं काय केलं? १९२४ ला हरलेला कायदा आता का चालला? एक तर आता त्याच्यामागे उठलेला समाज होता. दुसरं, कायद्यानं वाड्यातल्या त्या गप्प माणसांना एक सबब दिली. ‘आम्ही काय करणार, कायदाच झालाय.’ हसू नका. सबब ही फार मोठी सोय असते. मनातून ज्याला बदल हवा आहे पण पहिला व्हायचं नाही, त्याला कायदा चारचौघांत तोंड उघडण्याची सोय करून देतो.

हा सगळा इतिहास झाला, आता हे सगळं संपलं, असं कोणी समजू नये. २०१३ साली याच नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या एका गरोदर मुलीला तिच्या वडिलांनीच मारलं. जातपंचायतीचा जाच त्यामागे होता हे उघड झालं. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केलं, आणि बहिष्काराच्या तक्रारी राज्यभरातून, अनेक जातींतून येऊ लागल्या. शिकलेल्या, शहरी घरांतूनही आल्या. त्यातून महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आला. २०१६ साली विधिमंडळानं तो मंजूर केला, २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत टाकणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा असा कायदा करण्यात आपलं राज्य पुढे होतं. त्याचा अभिमान जरूर बाळगा, पण असा कायदा आपल्याला २०१६ साली लागला, हेही विसरू नका. रानड्यांच्या चहानंतर सव्वाशे वर्षांनी!

त्या बापाकडे एकदा आपल्या आजच्या प्रश्नातून बघा. त्याला क्रूर म्हणून आपण मोकळे होऊ शकतो, आणि कृत्य क्रूर आहेच, त्याला माफी नाही. पण तो ज्या पंचांकडे, ज्या भाऊबंदांकडे बघत होता, त्यांच्यापैकी एकानं जरी उठून म्हटलं असतं, की बाबा, पोरीला घरी आण, तुझ्या घरी पहिला मी जेवायला येतो? आम्ही हमी देत नाही की मुलगी वाचली असती. पण ते वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं.

तेव्हा या इतिहासातून आम्ही काय घ्यावं म्हणतो? आंबेडकर, कर्वे, आगरकर होणं सगळ्यांना झेपत नाही. पहिला होण्याची किंमत फार असते आणि ती घर मोजतं, हे आपण पाहिलं. पण दुसरा होणं झेपण्यासारखं आहे. ॲशच्या खोलीत एकच सोबती लागला होता. मुरुडला एखाद्या घरानं कर्व्यांच्या आईला हळदीकुंकवाला बोलावलं असतं तर बहिष्काराला पहिली भेग पडली असती. तुमच्या सोसायटीत, नात्यात, जातीच्या मंडळात कोणी काही मोडलं असेल, आणि त्याच्या घरचं कार्य असेल, तर ‘कोण कोण जाणार आहे’ हे आधी विचारू नका. आपण जायचं, वेळेवर जायचं, आणि पंगतीला पुढे बसायचं. म्हणजे मागून येणाऱ्याला दिसेल की कोणीतरी आलेलं आहे.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.